दगड जिवंत असतो का?
(क्री भाषेतल्या शब्दांची तोंडओळख)

'दगड' पुल्लिंगी, 'शिळा' स्त्रीलिंगी आणि 'ढेकूळ' नपुंसकलिंगी. का? तर त्याला उत्तर नाही. मराठीत शब्दाला लिंग असतं म्हणून असतं. आता अशी एक भाषा बघू, जिच्यात तो-ती-ते हा प्रकारच नाही. तिथे प्रत्येक नामाला वेगळाच प्रश्न विचारला जातो : तू सजीव की निर्जीव? आणि गंमत म्हणजे तिथे दगड सजीवांच्या रांगेत उभा असतो आणि पायातला बूट निर्जीवांच्या!

ही भाषा म्हणजे क्री. कॅनडाच्या मूळ रहिवाशांची भाषा. पश्चिमेला अल्बर्टापासून पूर्वेला क्वेबेकपर्यंत तिच्या बोली पसरल्या आहेत. २०२१ च्या जनगणनेत क्री बोलू शकणारे लोक ८६ हजारांच्या आसपास होते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी! पण कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमध्ये हाच आकडा सगळ्यात मोठा आहे. 'क्री' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, फ्रेंच लोकांच्या तोंडून आलेलं. मैदानी प्रदेशातले क्री स्वतःला 'नेहियव' म्हणतात आणि भाषेला 'नेहियवेविन'.

आता तुम्ही म्हणाल, हे वाचून करायचं काय? सेमिस्टरला प्रश्न येणार नाही, कॅम्पस इंटरव्ह्यूला उपयोग शून्य. मान्य. पण आपल्यापैकी बरेचजण, विशेषतः आम्ही कॉन्व्हेंटवाले, कुठलाही शब्द दिसला की त्याचं इंग्रजी मीनिंग शोधतो आणि ते सापडलं की शब्द कळला असं समजतो. क्री भाषा ही सवय मोडते. इथे इंग्रजी प्रतिशब्द मिळतो, पण अर्थ हातात येत नाही. आणि आश्चर्य म्हणजे, जिथे इंग्रजी अडखळते तिथे बऱ्याचदा आपली मराठी वाट दाखवते. तेव्हा वाचाच!

आधी उच्चार

सात स्वर : अ, आ, इ, ई, ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शब्द बदलू शकतो, म्हणून रोमन लिपीत लिहिताना स्वरांवर टोप्या द्याव्या लागतात. देवनागरीत तो प्रश्न बराचसा सुटतो. प-ब, त-द, क-ग असा भेद क्री करत नाही. आणि मैदानी क्रीतला 'च' हा 'चहा'तला नाही, 'चमचा'तला! इंग्रजी पुस्तकांना हा उच्चार समजावून द्यावा लागतो, आपल्याला तो जन्मतःच येतो. मधला 'अ' खायचा नाही, पूर्ण म्हणायचा. शब्दाच्या शेवटी 'अ' आला की आपण मराठीत तो गिळतो, म्हणून तिथे मी 'आ' लिहिला आहे.

बोलींची ओळखही एका अक्षरावरून पटते. 'मी' हा शब्द मैदानी क्रीत 'निया', दलदलीच्या प्रदेशातल्या क्रीत 'निना', मूस क्रीत 'निला'. जंगल भागात त्याच जागी 'द'सारखा उच्चार आणि अतिकामेक्व बोलीत 'र'. आपल्याकडे वऱ्हाडात 'काळा'चा 'काया' होतो आणि आगरी बोलीत 'काला', तसंच हे. खाली दिलेले शब्द मैदानी क्रीतले आहेत.

१. सजीव आणि निर्जीव

'नापेव' म्हणजे पुरुष, 'अतिम' म्हणजे कुत्रा. हे सजीव, यात काही विशेष नाही. सजीवाचं अनेकवचन 'अक' लावून होतं : नापेवक, अतिम्वक. निर्जीवाला 'आ' लागतो : 'मस्किसिन' म्हणजे बूट, 'मस्किसिना' म्हणजे अनेक बूट. (इंग्रजीतला 'मोकासिन' क्रीच्याच एका बहीणभाषेतून आला.)

आता ही यादी बघा. दगड (असिनिय) सजीव. चिलीम (ओस्प्वाकन) सजीव. किटली (अस्किह्क) सजीव. हातमोजा (अस्तिस) सजीव, पण बूट निर्जीव! रासबेरी (अयोस्कन) सजीव, स्ट्रॉबेरी (ओतेहिमिन) मात्र निर्जीव!

सगळ्यात सुंदर उदाहरण 'मिस्तिक' या शब्दाचं. 'मिस्तिक्वक' म्हटलं तर उभी झाडं. 'मिस्तिक्वा' म्हटलं तर तोडलेली लाकडं, काठ्या. शब्द एकच, रांग बदलली की झाडाचं लाकूड झालं.

हा भेद फक्त अनेकवचनापुरता नाही. क्रियापदही बदलतं. 'निवापमाव असिनिय' म्हणजे मला दगड दिसतो. 'निवापह्तेन मस्किसिन' म्हणजे मला बूट दिसतो. सजीवाला पाहणं वेगळं, निर्जीवाला पाहणं वेगळं.

मग क्री लोक दगडाला खरंच जिवंत मानतात का? याचं उत्तर सावधपणे द्यायला हवं. त्यांच्या घामाच्या झोपडीच्या विधीत तापवलेल्या दगडांना 'आजोबा' म्हटलं जातं, तिथे दगडाला नक्कीच मान आहे. पण म्हणून रासबेरीत जीव आणि स्ट्रॉबेरीत नाही असं कोणी म्हणत नाही. आपण तरी 'खुर्ची' ती आणि 'पंखा' तो म्हणताना खुर्चीला बाई समजतो का? व्याकरण आणि श्रद्धा या दोन गोष्टी कुठेकुठे एकमेकींना शिवतात, पण एक नसतात. परक्या भाषेबद्दल वाचताना 'अहाहा, किती आध्यात्मिक!' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ते टाळलेलं बरं.

२. आपण, आम्ही आणि तू आधी

इंग्रजीत 'वुई' एकच. "वुई आर गोइंग टु लोणावळा" असं कोणी म्हटलं तर मला घेऊन की मला सोडून, हे कळायला मार्ग नाही. मराठीत "आपण जातोय" आणि "आम्ही जातोय" यात आख्खी मैत्री तुटू शकते. क्रीत अगदी हेच आहे : 'कियानव' म्हणजे आपण, 'नियनान' म्हणजे आम्ही. इंग्रजीतून क्री शिकणाऱ्याला यासाठी वेगळा धडा लागतो. आपल्याला एक ओळ पुरते.

आता पुढची पायरी. 'कि' म्हणजे तू, 'नि' म्हणजे मी. 'किवापमिन' म्हणजे तू मला पाहतोस. मग 'मी तुला पाहतो' याची सुरुवात 'नि'ने व्हायला हवी ना? नाही! ते होतं 'किवापमितिन'. तरी 'कि'च पुढे. तू आणि मी दोघं वाक्यात असलो की क्रियापदाच्या सुरुवातीला 'तू' येतो, काम कोणीही करो. कोणी केलं आणि कोणावर केलं हे शेवटच्या प्रत्ययावरून कळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही प्रायॉरिटी ठरलेली आहे : आधी तू, मग मी, मग बाकीचे. 'किसाकिहितिन' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. 'किननास्कोमितिन' म्हणजे मी तुझे आभार मानतो. दोन्ही शब्दांत 'तू' पहिला.

बाकीच्यांमध्येही क्रम आहे. "राजूने संजूला सांगितलं की त्याचं जर्नल हरवलं." कोणाचं? राजूचं की संजूचं? क्रीत असा घोळ सहसा होत नाही. गोष्टीत दोन 'तो' आले की एक मुख्य आणि दुसरा बाजूचा. बाजूच्याला 'आ' प्रत्यय लागतो. 'नापेव अतिम्वा वापमेव' म्हणजे पुरुष कुत्र्याला पाहतो. 'नापेव अतिम्वा वापमिक' म्हणजे कुत्रा पुरुषाला पाहतो. दोन्ही वाक्यांत मुख्य पात्र पुरुषच, बदललं ते फक्त क्रियापदाचं शेपूट.

३. नाती

हा माझा सगळ्यात आवडता भाग. क्रीत नुसतं 'आजी' म्हणायची सोयच नाही. 'नोह्कोम' म्हणजे माझी आजी, 'कोह्कोम' म्हणजे तुझी आजी, 'ओह्कोमा' म्हणजे त्याची किंवा तिची आजी. कोणाची तरी असल्याशिवाय आजी नसतेच. (कॅनडातल्या इंग्रजीत आजीला 'कोकम' म्हणतात, ते इथूनच आलं. आपल्या सोलकढीशी त्याचा संबंध नाही!) शरीराच्या अवयवांचंही तसंच : 'नितेह' म्हणजे माझं हृदय. मालक माहीत नसेल तर 'मितेह' म्हणजे कोणाचं तरी हृदय. आणि मघाशी आलेली स्ट्रॉबेरी आठवते? 'ओतेहिमिन' म्हणजे हृदयाच्या आकाराचं फळ.

'निस्तेस' म्हणजे माझा दादा, 'निमिस' म्हणजे माझी ताई. धाकट्यांसाठी मात्र एकच शब्द, 'निसीमिस', भाऊ असो की बहीण. म्हणजे वय महत्त्वाचं, आणि धाकटे सगळे सारखेच. घराघरात खरं तर तसंच असतं.

आता काका-मामा. 'नोह्तावीय' म्हणजे माझे वडील आणि वडिलांचा भाऊ 'नोह्चावीस', म्हणजे जणू छोटे बाबा. 'निकावीय' म्हणजे माझी आई आणि आईची बहीण 'निकावीस', जणू छोटी आई. मावशीबद्दल आपल्या भावना काही वेगळ्या नाहीत : माय मरो, मावशी जगो! पण आईचा भाऊ 'निसिस' आणि वडिलांची बहीण 'निसिकोस' यांचे शब्द पूर्ण वेगळे. आणि हेच दोन शब्द सासरा आणि सासूसाठीही वापरतात!

इंग्रज अभ्यासकाला हे कोडं वाटेल. पण आपल्या घरातल्या जुन्या बायका सासऱ्यांना काय म्हणायच्या? मामंजी. आणि सासूला? आत्याबाई. कारणही दोन्हीकडे एकच : मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्न व्हायची जुनी पद्धत. हजारो मैलांवरच्या, एकमेकांची नावंही न ऐकलेल्या दोन समाजांनी एकाच गणिताला एकच उत्तर काढलं. आणि 'अंकल-आंटी' या दोन शब्दांत हे सगळं गणित पुसलं जातं.

४. शब्दांचं वर्कशॉप

क्री शब्द लांबलचक दिसतात, पण घाबरायचं नाही. त्यांचे पार्ट सुटे करता येतात. 'निकी-नोह्ते-वापमाव' हा एक शब्द म्हणजे आख्खं वाक्य आहे. नि = मी, की = भूतकाळ, नोह्ते = इच्छा, वापम = (सजीवाला) पाहणं, आव = त्याला किंवा तिला. मला त्याला भेटायचं होतं, बघायचं होतं.

मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असा भाग पुढे आहे. 'पीक' या मुळाचा अर्थ मोडणं, फुटणं. पण कशाने मोडलं हे सांगितल्याशिवाय शब्द पूर्ण होत नाही :

पीकोनम – हाताने मोडतो
पीकोस्कम – पायाने किंवा अंगाच्या भाराने मोडतो
पीकोपितम – ओढून मोडतो, फाडतो
पीकोपयिव – आपोआप मोडतं, बंद पडतं

म्हणजे न = हात, स्क = पाय, पित = ओढणं, पयि = आपोआप. हत्याराने केलं तर 'अह' : 'चीकहम' म्हणजे कुऱ्हाडीने तोडतो आणि 'चीकहिकन' म्हणजे कुऱ्हाड. हा 'इकन' बहुतेक अवजारांच्या शेवटी भेटतो. मराठीत यासाठी आपण वेगवेगळी क्रियापदं घेतो : मोडणं, तुडवणं, फाडणं, चिरणं. क्री एकच मूळ घेऊन त्याला वेगवेगळी टूल्स जोडते.

नवीन वस्तू आल्या तेव्हा हेच वर्कशॉप कामाला आलं. 'इस्कोतेव' म्हणजे आग, 'ओतापान' म्हणजे ओढायची गाडी. रेल्वे आली तेव्हा तिचं नाव पडलं 'इस्कोतेवोतापान', म्हणजे चक्क आगगाडी! मोटार म्हणजे 'सेह्केपयीस', आपली आपण चालणारी. 'मस्किह्किय' म्हणजे औषध, 'आपोय' म्हणजे पातळ पदार्थ, म्हणून चहा झाला 'मस्किह्कीवापोय', औषधी पाणी. आणि कॉफी? 'पिह्कह्तेवापोय', जळकं पाणी! (कँटीनची कॉफी प्यायलेल्यांना हे नाव पटेल.) विमान म्हणजे 'पिमिहाकन', उडण्याचं साधन.

क्रीनेही जगाला शब्द दिले. सुकं मांस आणि चरबीचा टिकाऊ खाऊ 'पेमिकन' हा क्री 'पिमीह्कान' आहे. सिव्हिलवाल्यांनो, पाणथळ, कुजक्या शेवाळाच्या जमिनीला इंग्रजी पुस्तकात 'मस्केग' म्हणतात, तो क्री 'मस्केक'. १९४२ साली अलास्का हायवे बांधताना याच जमिनीने अमेरिकन लष्कराच्या इंजिनियरांना रडवलं. सास्काचेवान प्रांताचं नाव नदीवरून आलं, 'किसिस्काचिवनि-सीपिय', वेगाने वाहणारी नदी. आणि विनिपेग म्हणजे 'वीनिपेक', गढूळ पाणी.

५. ऋतू हे क्रियापद

'वाप' हे मूळ लक्षात ठेवा : उजेड, पांढरं, दिसणं. 'वापन' म्हणजे उजाडलं. 'वापोस' म्हणजे ससा. मॅनिटोबातलं १९९६ साली जाहीर झालेलं 'वापुस्क' राष्ट्रीय उद्यान म्हणजे पांढऱ्या अस्वलाचं. इंग्रजीत उजेड, पांढरं आणि पाहणं यांचे तीन वेगळे शब्द, इथे एका मुळाची तीन पोरं.

'वापन'ला कर्ता नाही. कोण उजाडतं? कोणी नाही, उजाडतं. मराठीतही उजाडलं, फटफटलं, सांजावलं असंच असतं. इंग्रजीला मात्र कुठून तरी एक 'इट' आणून बसवावा लागतो. क्रीत ऋतूही असेच. 'पिपोन' म्हणजे हिवाळा आणि 'हिवाळा आहे' हे वाक्यही तेच. ऋतू एकूण सहा, आपल्यासारखेच : सीक्वन (वसंत), मियोस्कमिन (नद्यांवरचा बर्फ फुटतो तो काळ), नीपिन (उन्हाळा), तक्वाकिन (पानगळ), मिकिस्काव (पाणी गोठायला लागतं तो काळ) आणि पिपोन. आपले सहा पावसाभोवती फिरतात, त्यांचे सहा बर्फाभोवती.

महिन्याला, सूर्याला आणि चंद्राला एकच शब्द : 'पीसिम'. मार्च हा हंसबदकांचा (निस्कि-पीसिम), एप्रिल बेडकांचा (अयीकि-पीसिम), जून अंड्यातून पिल्लं बाहेर पडण्याचा, ऑगस्ट ती पिल्लं उडण्याचा. कॅलेंडर न बघता, बाहेर बघून महिना सांगायचा.

६. लिपी

१८४० मध्ये जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने नॉर्वे हाउस इथे क्रीसाठी लिपी छापली. क्री लोकांची परंपरा मात्र सांगते की ही लिपी 'मिस्तनाकोवेव' नावाच्या त्यांच्याच माणसाला मिळाली. दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. लिपीची युक्ती मात्र इंजिनियरला भुरळ घालणारी आहे. आकार म्हणजे व्यंजन आणि आकाराची दिशा म्हणजे स्वर! एक कोन घ्या. टोक वर असेल तर 'पी', खाली असेल तर 'पे', उजवीकडे 'पो', डावीकडे 'पा'. दुसरा आकार घेतला की त, तिसरा घेतला की क. म्हणजे आख्खी बाराखडी फक्त फिरवून! काही अभ्यासकांच्या मते यामागे शॉर्टहँडबरोबर आपल्या देवनागरीचाही प्रभाव असावा. मोजकेच आकार असल्यामुळे लोक ही लिपी झपाट्याने शिकले आणि एकमेकांना शिकवत गेले. १९९९ साली ती युनिकोडमध्ये आली.

भारताशी आणखी एक धागा आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफिल्ड १९२५ च्या उन्हाळ्यात सास्काचेवानमधल्या स्वीट ग्रास वस्तीत जाऊन क्री लोकांच्या तोंडच्या कथा उतरवून घेत होता. हा माणूस पाणिनीचा भक्त होता. धातू, प्रत्यय, नियमांचा क्रम ही पाणिनीची शिस्त त्याने क्रीच्या बहीणभाषेचं वर्णन करताना वापरली.

७. अर्थ कोण ठरवतं?

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण शब्दाच्या अर्थावर माणसांचं आयुष्य कसं अवलंबून असतं, तेही बघू.

१८७६ साली क्री आणि इतर लोकांनी ब्रिटिश राजसत्तेबरोबर सहावा तह केला. करार इंग्रजीत, बोलणी दुभाष्यामार्फत. इंग्रजी मजकूर म्हणतो की जमीन सोडून दिली. क्रीत जमिनीला 'अस्किय' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ पृथ्वी आणि वर्षही आहे. वृद्ध क्री लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की आम्ही जमीन दिली ती नांगराच्या फाळाच्या खोलीइतकी, शेतीपुरती. खालचं आणि बाकीचं दिलं नाही.

त्याच करारात एक कलम आहे : सरकारी एजंटच्या घरी औषधाची पेटी ठेवली जाईल. क्री बाजूचं म्हणणं, ते आरोग्यसेवेचं वचन होतं. १९६६ साली सास्काचेवानच्या अपील कोर्टाने अर्थ लावला : पेटी म्हणजे पेटी. आता मघाचा 'मस्किह्किय' आठवा. ज्या मुळातून औषध, चहा, डॉक्टर (मस्किह्कीवियिनिव) असे सगळे शब्द निघतात, त्याचं इंग्रजी मीनिंग एका लाकडी खोक्यात बसवलं गेलं!

आणि शाळा. १८८० च्या दशकापासून कॅनडा सरकारने चर्चच्या मदतीने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. दीड लाखाहून जास्त मुलं त्यांतून गेली. स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, २०१५ मध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला.

माझ्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता. आम्ही हसत भरायचो, कारण साडेतीनला घंटा झाली की घरी आजी होती आणि आजीशी मराठीच होती. त्या मुलांना वर्षाचे बहुतेक महिने घरच नव्हतं. 'नोह्कोम' हा शब्द माझी आजी असल्याशिवाय उच्चारता येत नाही, आणि आजीच दूर ठेवली, तर तो शब्द म्हणायचा कोणाला? घरी परतलेल्या अनेक मुलांना आजीचं बोलणं समजेनासं झालं होतं. दंड आणि शिक्षा यांत फरक आहे आणि तो मी विसरणार नाही. पण 'तुझी भाषा इथे नको' हे वाक्य मात्र दोन्हीकडे तेच होतं.

क्रीत शाळेला काय म्हणतात माहीत आहे? 'किस्किन्वहमातोविकमिक'. त्यातला 'तो' म्हणजे एकमेकांना. (साकिहितोविन म्हणजे एकमेकांवरचं प्रेम, वीचिहितोविन म्हणजे एकमेकांना मदत.) शाळा म्हणजे एकमेकांना शिकवण्याचं घर. शब्दात इतकं सगळं असताना प्रत्यक्षात काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

सगळं संपलेलं नाही. १९७१ साली क्वेबेक सरकारने क्री लोकांना न विचारता जेम्स बे भागात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ते कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये करार झाला. त्या करारातून त्यांचं स्वतःचं शाळा-मंडळ उभं राहिलं आणि पुढे त्या शाळांमध्ये सुरुवातीची वर्षं क्रीतून शिकवायला सुरुवात झाली. (धरण बांधणाऱ्यांनी, म्हणजे उद्या आपणच, ही गोष्ट लक्षात ठेवावी.) २०१९ मध्ये कॅनडाने मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी कायदा केला.

तंत्रज्ञानही मदतीला आलं आहे. क्री क्रियापदाची रूपं इतकी, की छापील कोशात सगळी मावणं अशक्य. अल्बर्टा विद्यापीठाने 'इत्वेविना' (म्हणजे 'शब्द') नावाचा संगणकीय कोश केला, त्यात कुठलंही रूप टाका, तो त्याचे पार्ट सुटे करून मूळ शब्द दाखवतो. आतमध्ये काय आहे? फायनाईट स्टेट मशीन! थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनी याची नोंद घ्यावी. आणि मराठीच्या रूपांसाठी आपण असं काय करू शकतो, हा फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय आहे. फुकट देतेय, घ्या!

स्वाध्याय

१. 'इस्कोतेव' आणि 'आपोय' जोडून 'इस्कोतेवापोय'. हे कुठलं पेय असेल?
२. 'इकमिक' म्हणजे घर, इमारत. मग 'मस्किह्कीविकमिक' म्हणजे काय?
३. 'तिपिस्काव' म्हणजे रात्र. 'तिपिस्कावि-पीसिम' म्हणजे?
४. व्हायव्हाच्या आदल्या रात्री तुमचा कॉम्प्युटर कोणी हात न लावता बंद पडला. 'पीकोनम' म्हणाल की 'पीकोपयिव'?
५. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसाला असे तीन मराठी शब्द विचारा, ज्यांना इंग्रजीत प्रतिशब्द नाही. अर्थ मराठीतच लिहून घ्या.

(उत्तरं : १. दारू, २. दवाखाना किंवा औषधाचं दुकान, ३. चंद्र, ४. पीकोपयिव. पाचव्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या घरी आहे.)

जाता जाता : क्रीत 'गुडबाय'साठी वेगळा शब्द नाही. आपणही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ते म्हणतात, 'किह्त्वाम का-वापमितिन', मी तुला पुन्हा पाहीन. तेव्हा, येते!